पेटीत लोकर किती भरायची

कुठलीही लाकडी वस्तू दिसली की काकू बोटाचं पेर वाजवून बघायच्या. टेबल, दार, बाक. एकदा बँकेतला काउंटरसुद्धा.

बोलणाऱ्याला उजव्या हाताला बसवायच्या. डावा कान कामातून गेला होता.

कुणाच्या घरी गादीवर बसल्या की आधी तिचा कोपरा दाबायच्या. कोपरा रिकामा लागला तर घरच्यांकडे दयेने बघायच्या.

दोरा दाताने तोडायच्या. गळ्यात कात्री लटकत असायची, तरीही.

चहा निम्मा पिऊन विसरायच्या.

"असू दे" म्हणायच्या नाहीत. मी तरी कधी ऐकलं नाही.

त्यांना जाऊन आज अकरा दिवस झाले. मी साहित्य शिकले, पण मला यादीपलीकडे काही सुचत नव्हतं. म्हणून यादीपासून सुरुवात केली. आता जे झालं ते सांगते.

आमच्या वाचनालयाच्या सभागृहात दर रविवारी सकाळी मी पुस्तक वाचून दाखवते. ऐकायला येणारे बहुतेक सत्तरीच्या आसपासचे. कुणाला मोतीबिंदू, कुणाचा हात थरथरतो, पुस्तक धरवत नाही. सभागृहात भिंतीवर दोन तयार स्पीकर होते. काळे, चकचकीत. अध्यक्षांनी हौसेने आणलेले. पहिल्या रविवारी साठ माणसं आली. वर्षभरात एकवीस उरली.

"काय वाचलं ते कळत नाही," एवढंच सगळे सांगत. मी हळू वाचून पाहिलं. मोठ्याने वाचून पाहिलं. कळत नाही ते नाहीच.

मग अध्यक्षांनी बैठक घेतली. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांना गोष्टी आवरायला आवडतात.

"या वयात ऐकू येत नाही, त्याला आपण काय करणार?" ते म्हणाले. "कार्यक्रम बंद करू. अभ्यासिकेतली मुलं जिन्यावर बसतात. त्यांना हे सभागृह देऊ."

मागच्या बाकावरून एक बाई उठल्या. गळ्यात कात्री. रविवारी नियमाने येणाऱ्या, पण तोवर माझ्याशी कधी न बोललेल्या.

"कान माझे बघा," त्या म्हणाल्या. "डावा बंद. उजवा अर्धा. पण घरी आमचे हे दुसऱ्या खोलीतून माझ्याबद्दल पुटपुटतात, ते मला अक्षर न अक्षर कळतं. मग इथे का कळत नाही?"

सगळे हसले. त्यांच्या शेजारी बसलेले काका, म्हणजे त्यांचे यजमान, हसले नाहीत.

"काकू," अध्यक्ष म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं."

"आणि खरंच वाकडं असलं तर? मोजून बघायला काय जातं?"

त्या चालत पुढे आल्या. खुर्चीवर चढल्या. भिंतीवरच्या स्पीकरला पेर मारलं. आतून रिकाम्या डब्यासारखा आवाज आला आणि जरा वेळ रेंगाळला.

"ऐकलंत? ही पोरगी वाक्य बोलते. डबा त्याचं शेपूट धरून बसतो. पुढचं वाक्य त्या शेपटावर येऊन पडतं. आमच्या कानाला कशाला नावं ठेवता? पेटी मी करते. आवाज सुटा नाही झाला तर खुशाल बंद करा."

अध्यक्षांनी तीन महिने दिले. "नाही जमलं तर कार्यक्रम बंद."

"आणि जमलं तर चालू. इतिवृत्तात लिहा. तारखेसकट."

लिहिलं गेलं. बाहेर पडताना त्यांनी माझं मनगट धरलं. "तुझा आवाज लागेल मला. उद्या घरी ये. आणि चेहरा असा पाडू नकोस गं, दोष तुझा नाही."

काकूंनी एकतीस वर्षं गाद्यांच्या कारखान्यात काढली होती. कापूस पिंजायच्या यंत्राच्या उजवीकडे त्यांची जागा. डावा कान यंत्राकडे. निवृत्त होताना कारखान्याच्या डॉक्टरने कागदावर लिहिलं, "वयोमानानुसार ऐकू कमी येते." काकूंनी ते खोडून लिहिलं, "यंत्रामुळे." कारकुनाने नवा कागद आणला. त्यांनी पुन्हा खोडलं. तिसऱ्या कागदावर कारकून म्हणाला, "बाई, तुम्ही दमत नाही का?" त्या म्हणाल्या, "एका जागी एकतीस वर्षं उभी होते. तीन कागदांनी काय दमते?" तो खोडलेला कागद तसाच फायलीत गेला. त्याने फरक काही पडला नाही. पण खोडलेलं राहिलं.

घरी त्या निवृत्तीनंतर स्पीकरच्या पेट्या करत. काकांचा जुना रेडिओ फुटला तेव्हा सुरुवात झाली. त्यांचा धाकटा भाऊ सुतार. तो खोकी करून देई, या आतलं बघत. "पेटी म्हणजे उभी गादीच," त्या म्हणत. "फक्त आत माणसाऐवजी आवाज लोळतो. तो कुठे आपटू द्यायचा नाही, एवढंच."

मागच्या खोलीत जमिनीवर आठ ढीग होते. फोम दोन प्रकारचा. पिंजलेला कापूस. नमदा, म्हणजे दाबून केलेली जाड लोकर. काचेची लोकर. गोणपाट. उशीतला कृत्रिम धागा. आणि मेंढीची लोकर, धुऊन वाळवलेली.

पहिली परीक्षा फुंकरीची. प्रत्येक ढिगातला मूठभर नमुना तोंडासमोर धरून त्या फुंकायच्या. पलीकडे तळहात.

"फुंकर गेलीच पाहिजे," त्या म्हणाल्या. "पण सुखासुखी नाही. भांडत गेली पाहिजे. सरळ गेली तर ती चाळण. गेलीच नाही तर ती भिंत. दोन्ही आपल्या उपयोगाचं नाही."

दुसरी परीक्षा वाळूची. भावाने केलेली पेटी आडवी ठेवायची, वर चिमटीने बारीक वाळू पसरायची आणि आतल्या स्पीकरमधून एकच सूर लावायचा. सूर चढवत नेला की फळीवर एखाद्या ठिकाणी वाळू उड्या मारू लागे. "इथे फळी स्वतःच गाते," काकू खडूने तिथे फुली मारत. "तिला कुणी बोलावलं नव्हतं." त्या जागी आतून डांबरी पट्टी चिकटवायची. मोटारीच्या दारात पत्रा वाजू नये म्हणून लावतात तसली, जड. मग पुन्हा वाळू. वाळू शांत पडली की पुढची फळी.

तिसरी परीक्षा माझ्या आवाजाची. एकच पान मी ध्वनिमुद्रित केलं होतं. पेटीत एकेक ढीग आळीपाळीने भरायचा, सारख्या वजनाचा, आणि तेच पान ऐकायचं. काकू उजवा कान पुढे करून बसत. एक तळहात पेटीच्या पाठीवर. "अर्धं कानाने, अर्धं हाताने," त्या म्हणत. मला माझा आवाज इतका ऐकावा लागला की तो परक्या बाईचा वाटू लागला.

निकाल त्या वहीत लिहीत. वही आता माझ्याकडे आहे.

"पांढरा फोम, सामानाबरोबर येतो तो. फुंकर जात नाही. बाद."

"कापूस. चांगला. पण दमट हवेत गोळे होतात. मी जन्मभर तेच उसवले. बाद."

"काचेची लोकर. आवाज सर्वांत स्वच्छ. हाताला खाज, छातीला वैरी. एक कान दिला तेवढा पुरे. बाद."

"यांचा राखाडी स्वेटर, उसवून. चांगला. यांना सांगणे."

तो स्वेटर काका दोन दिवस शोधत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेटीत डोकावून पाहिलं.

"निदान कोपऱ्यात तरी नको होता घालायला," ते म्हणाले. "मला मधे बसायची सवय आहे."

"लोकर. फुंकर भांडत जाते. कसर लागू नये म्हणून कापूर घातला. पास."

वस्तू ठरली. पण पुढची चूक इतकी साधी होती की गादीवालीशिवाय कुणी केली नसती.

काकूंनी पेटी ठासून भरली. कोपऱ्यात दांडक्याने लोकर सारली, थापली, पुन्हा सारली. एकतीस वर्षांचा हात. स्पीकर बसवला, पान लावलं. माझा आवाज रजईतून आल्यासारखा आला. जिवंतपणाच गेलेला.

सुतारमामा तोंडावर हात धरून हसले. "ताई, तू आवाजाला झोपवलंस. वर पांघरूणही घातलंस."

"कोपरे रिकामे ठेवू?" काकू म्हणाल्या.

"ठेव की."

"जमणार नाही."

"मग झोपू दे त्याला."

दुसऱ्या दिवशी काकूंनी मूठभर लोकर काढली. पान ऐकलं. आणखी मूठभर काढली. चार दिवस हेच. काढलेली प्रत्येक मूठ त्या तराजूत टाकून वहीत मांडत. शेवटी निम्म्याहून कमी उरली. भिंतींना नमदा, त्यापुढे पिंजून सैल केलेली लोकर, आणि स्पीकरच्या पाठीमागे वीतभर जागा मोकळी. माझा आवाज समोर येऊन उभा राहिला. मामांचंही हसणं थांबलं.

"लोकांच्या गादीचे कोपरे दाबत फिरले," काकू म्हणाल्या. "आता स्वतः रिकामे ठेवायला शिकले. कुणाला सांगू नकोस."

मी आता सांगते आहे.

मुदत सोमवारी संपत होती. रविवारी सकाळी आम्ही पेटी हातगाडीवर घातली. वाचनालयाकडे जाणारा रस्ता दगडी फरशीचा. रस्ताभर गाडी खडखडत होती. काकू पेटीला हात लावून चालत होत्या.

परीक्षा सोपी ठरवली होती. शेवटच्या बाकावर मास्तर बसतील. हे आमचे सर्वांत जुने श्रोते, शाळेतून निवृत्त झालेले, डोळ्यांनी जवळजवळ अधू. मी वीस वाक्यं वाचायची, त्यांनी प्रत्येक वाक्य जसंच्या तसं परत म्हणायचं. आधी भिंतीवरच्या स्पीकरमधून, मग दुसरी वीस वाक्यं काकूंच्या पेटीतून.

भिंतीवरचे स्पीकर: नऊ.

काकूंची पेटी: आठ.

मी कागदाकडे बघत राहिले. घरी तो आवाज मी स्वतः ऐकला होता.

"एक कमीच," अध्यक्ष म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, हे मला मान्य केलं पाहिजे. "काकू, तुम्ही खूप केलंत. पण आता मान्य करा. कानच ते."

काकूंनी पेटीच्या माथ्यावर पेर वाजवलं. मग मधे. मग तळाशी. पुन्हा माथ्यावर.

"डोकं रिकामं आहे हिचं," त्या म्हणाल्या. "पेचकस दे रे."

मामांनी मागची फळी उघडली. सगळी लोकर तळाशी बसली होती. फरशीवरच्या धक्क्यांनी खाली सरकून एकच गठ्ठा झाला होता. वरचा अर्धा भाग मोकळा, आणि गठ्ठ्याचा एक शेंडा स्पीकरच्या पाठीला टेकलेला.

काकूंचा चेहरा लाल झाला. मी त्यांना एवढं शरमलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"टाके!" त्या म्हणाल्या. "टाके न घालता गादी कोण देतं? कामाला लागलेली नवी पोरगीसुद्धा देणार नाही. ही उभी म्हणून मी विसरले. उभीला तर दुप्पट हवेत."

"मुदत..." अध्यक्षांनी सुरुवात केली.

"उद्या संध्याकाळपर्यंत. इतिवृत्त काढा."

"मला सभागृह बंद करायचंय. किल्ली घेऊन उभा आहे मी."

"मग बसा ना. गादी उभ्याने होत नाही."

काका घरी जाऊन दाभण, दोरा आणि जाळीदार कापड घेऊन आले. काकूंनी सभागृहाच्या जमिनीवर बसकण मारली. कापडाचे दोन पदर, मधे लोकर. खडूने खुणा. चार बोटांवर एक टाका. दाभण आत, दाभण वर, गाठ, दाताने तोड. ओढायचा तो एवढाच की लोकर धरली जावी, दबू नये. गादीला यापेक्षा दुप्पट ओढतात. प्रत्येक टाक्याला त्यांचा हात सवयीने जोरात जाई आणि त्या तो अडवत. मला ते दिसत होतं. मनगटाची शीर दिसत होती.

मास्तर बाकावरून उठले नाहीत. बाकीचेही थांबले. अध्यक्ष तासाभराने बसले.

दुपार कलली तेव्हा टाके संपले. लोकरीच्या त्या दुलया पेटीत आतून ठोकल्या. फळी बसवली. मी कागद घेतला.

"थांब," काकू म्हणाल्या. "गाडीवर घाला आधी."

"पुन्हा?" मामा म्हणाले.

"वाचनालयाला दोन फेऱ्या. फरशीवरून. जोरात."

मामांनी गाडी पळवली. काकू दारात हाताची घडी घालून उभ्या. पहिल्या फेरीला अध्यक्ष म्हणाले, "अहो, पुरे." दुसऱ्या फेरीला त्या म्हणाल्या, "खड्ड्यातून घे रे!"

पेटी आत आली. मी नवी वीस वाक्यं वाचली. मास्तर सांगत गेले. बाराव्या वाक्याला माझा आवाज कापला. तो कापलेलासुद्धा शेवटच्या बाकापर्यंत पोचला, कारण मास्तर म्हणाले, "पोरी, घाबरू नकोस. पुढे."

वीसपैकी सतरा.

"राहिलेली तीन?" अध्यक्षांनी विचारलं.

"तीही ऐकू आली," मास्तर म्हणाले. "परत म्हणेपर्यंत विसरलो. ते माझं वय. ते खुशाल लिहा. कानाचं मात्र नाव काढू नका."

अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, कार्यक्रम चालू. लिहून झाल्यावर म्हणाले, "पण काकू, एका पेटीने सभागृह भरत नाही. उजवी बाजू कोरडी राहते."

त्यांचं बरोबर होतं. काकू मान हलवत म्हणाल्या, "दुसरी करतेच आहे."

मग त्यांनी पेर वाजवलं. पेटीवर नाही, अध्यक्षांच्या टेबलावर. "अंगण वाकडं होतं," त्या म्हणाल्या. "लिहिलं नाही तरी चालेल."

दुसरी पेटी त्यांनी जास्त निगुतीने घेतली. फळ्या जाड मागवल्या. वाळूची परीक्षा दोनदा केली. लोकर पहिल्याच दिवशी वजन करून ठेवली, ठासली नाही. मी सकाळी जायचे. त्या टाके घालायच्या, मी पुढच्या रविवारचं वाचून दाखवायचे. एखादं वाक्य लांबलं की म्हणायच्या, "इथे श्वास घे. लेखकाने घेतला नाही म्हणून तू का गुदमरतेस?"

त्या मंगळवारी मी गेले नाही. माझी एका ठिकाणी मुलाखत होती.

दुपारी काकांनी चहा नेऊन दिला. थोड्या वेळाने कप न्यायला गेले तर निम्मा तसाच. नेहमीसारखा. काकू जमिनीवर बसलेल्या, उजवा कान लोकरीवर टेकलेला. काकांना वाटलं, काहीतरी ऐकताहेत. ऐकताना मधे बोललेलं त्यांना खपत नसे. म्हणून काका दारात उभे राहिले. दहा मिनिटं, ते म्हणतात. मला सांगताना त्यांनी तीनदा सांगितलं. दहा मिनिटं.

गेल्या आठवड्यात अध्यक्ष घरी आले. काकांना भेटले. मग म्हणाले, "दुसरी पेटी दुकानातून फोम भरून घेऊ. लवकर होईल. आतलं कुणाला दिसतंय?"

मी म्हणाले, "फुंकर जात नाही."

मी खोलीतून पांढऱ्या फोमचा तुकडा आणला आणि त्यांच्या हातात दिला. "फुंकून बघा."

त्यांनी फुंकलं. पलीकडे स्वतःचा तळहात धरून. पुन्हा फुंकलं. तुकडा खाली ठेवला.

"असू दे," ते म्हणाले.

"नाही," काका म्हणाले. त्या घरात मी त्यांना एवढ्या मोठ्याने बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

गेल्या रविवारी त्रेपन्न माणसं आली. पेटी एकच, डावीकडे. मी वर पाहिलं तेव्हा सगळ्यांनी खुर्च्या उचलून डावीकडे नेल्या होत्या. गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. उजवी बाजू पूर्ण मोकळी. काकू मोकळे ठेवायला शिकल्या त्या कोपऱ्यांसारखी. मास्तर शेवटच्या बाकावरून हलले नव्हते. मी वाचलं. पोचलं.

दुसरी पेटी मागच्या खोलीत आहे. मागची फळी भिंतीला टेकवलेली. मामा म्हणतात, टाके मी घालतो. काका म्हणतात, घाई नाही. मी म्हटलं, मी शिकते. दाभणाने दोनदा बोट फोडून घेतलं. माझा टाका अजून जोरात ओढला जातो.

म्हणून त्यांच्या लोकरीला मी हात लावलेला नाही. जाळीदार कापडावर खडूच्या बेचाळीस खुणा आहेत. एकोणीस टाके पडलेत. विसाव्याला दाभण आत गेला आहे, वर आलेला नाही. दोरा लोंबतो आहे. तोडलेला नाही.